घरी कुत्रं आहे का?

हे मी कुत्रं पाळणाऱ्यांसाठी लिहून राहिले आहे. मला लिहायची सवय नाही, ब्लाऊजची मापं सोडली तर मी काही लिहीत नाही. पण आजारी असताना मी खूप शोधलं, की माझ्यासारख्या कोण्या बाईनं हे भोगून काही सांगितलंय का. डॉक्टरांची भाषा सापडली, बाईची नाही सापडली. म्हणून बसले.

नागपुरात, महाल भागात आमचं घर आहे. खालच्या पुढच्या खोलीत माझं शिवणकामाचं आणि फॉल-पिकोचं दुकान, मागे आणि वर आम्ही राहतो. आम्ही म्हणजे मी, माझे मिस्टर संजय, सासूबाई, आणि चौथीत शिकणारी आमची मनू. संजय गांधीबागेत एका ठोक कापड दुकानात आहेत. पाचवा भुऱ्या. मनू दोन वर्षांची असताना संजयनी त्याला पोत्यात घालून आणलं होतं, तळहाताएवढा. गावठी कुत्रा, पण घरात त्याचा तोरा जावयासारखा.

पित्त

उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली, दुखायचं. दुखायचं म्हणजे कळ नाही, नुसतं जड वाटायचं, जसं काही जेवण तिथेच बसून राहिलंय. सासूबाई म्हणाल्या, "मशीनवर कुबड काढून बसतं. दुखंनच ना." मलाही ते पटलं. सणाचे दिवस होते, बायका ब्लाऊज टाकून जात होत्या आणि उद्याच पाहिजे म्हणून डोक्यावर बसत होत्या. थंड दूध प्यायचं, ओवा चावायचा आणि पुन्हा पायडल मारायचं, असं चाललं होतं.

मग एक दिवस दुपारी सगळ्या अंगावर लाल चट्टे उठले. ओठ सुजले. खाज अशी की कात्री घेऊन खाजवावं वाटे. शेजारची म्हणाली पित्त उठलं, सासूबाई म्हणाल्या पित्त उठलं, आणि मी पण म्हटलं, पित्तच. कोकम पाजलं, गोळी घेतली, संध्याकाळपर्यंत उतरलं. सगळे मोकळे झाले. त्या दिवशी माझ्या पोटात खरं काय झालं होतं ते पुढे कळलं.

पंधरवड्यानं दुखणं वाढलं तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, पित्ताशयात खडे असतील, सोनोग्राफी करून या.

सोनोग्राफीचे डॉक्टर मोठे बोलके. कुठे राहता, महालात कुठे, माझी मावशी तिकडेच होती, असं चाललेलं. पोटावर ते थंडगार जेल, त्यांचा हात फिरतोय, आणि बोलता बोलता त्यांनी विचारलं, "घरी कुत्रं आहे का?"

मला वाटलं, हेही आपल्यासारखे कुत्रावेडे. मी खुलले. म्हटलं, "आहे ना! भुऱ्या. गावठी आहे हो, पण एवढा हुशार! शेजारच्यांची एकच चप्पल उचलून आणतो, जोडी कधी आणत नाही." ते हसले नाहीत. हात एकाच जागी थांबलेला, पुन्हा थोडा सरकलेला, पुन्हा तिथेच.

"कच्चं मांस खातो का?"

"रविवारी खातो ना. आमच्यासोबत."

त्यांनी कागदानं माझं पोट स्वतः पुसलं. मग म्हणाले, "एकदम उठू नका. आधी कुशीवर व्हा. हातावर जोर द्या. हळू. सोबत कोण आलंय?" मी भुऱ्याची दुसरी गोष्ट सांगायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

संत्र्याएवढी

ऑपरेशन करणाऱ्या मॅडम मोठ्या दवाखान्यात बसत. वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी मोठा फोटो, सीटी स्कॅन, काढायला लावला, मग तो उजेडात धरून आम्हाला दाखवला. माझ्या लिव्हरमध्ये एक गोल होतं, काळं, कडा स्वच्छ. कोणी वाटी ठेवून आखलं असावं असं.

"ही पाण्याची पिशवी आहे," त्या म्हणाल्या. "कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक कृमी असते. तिची अंडी त्याच्या शीतून बाहेर पडतात. अंगाला, केसांना लागतात, अंगणात पडतात, भाजीला लागतात. तिथून माणसाच्या हातावर, हातावरून तोंडात. पोटात गेली की लिव्हरमध्ये जाऊन बसतात आणि अशी पिशवी धरतात. वर्षानुवर्षं वाढत राहते."

"किती वर्षांची असेल ही?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. पाच, सात, जास्तही. अंडी पोटात गेली त्या दिवशी कोणालाच काही कळत नाही."

मी डोक्यात मागे जायला लागले. कोणता दिवस? भाकरी करताना भुऱ्यानं हात चाटला तो? कोथिंबीर न धुता चिरली तो? संजयना काय सुचावं, त्यांनी विचारलं, "मोठी किती आहे?"

"संत्र्याएवढी."

"संत्र्याएवढी म्हणजे? आंबिया बहारचं का मृगाचं?"

संत्र्याचे वर्षात दोन बहार, त्यामुळे नागपूरच्या माणसाला हा प्रश्न पडतोच. मॅडम पण नागपूरच्याच असाव्यात, कारण त्यांनी खरंच विचार करून सांगितलं, "मोठं. मृगाचं." मग संजयनी खाली पाहून विचारलं, "आणि फुटली तर?"

मॅडमनी खुर्ची पुढे घेतली. आत फुटली तर अंगाला एकदम रिअ‍ॅक्शन येते, ब्लडप्रेशर पडतं, जीव जाऊ शकतो, असं सांगितलं. माणूस वाचला तरी आतलं पाणी पोटभर पसरतं आणि जिथे जिथे थेंब पडेल तिथे नवी पिशवी धरू शकते. "तुम्हाला अंगावर पित्त उठलं होतं म्हणालात ना? ती तेव्हा थोडी झिरपली असावी."

म्हणजे त्या दुपारी आम्ही कोकम पीत बसलो होतो तेव्हा ती झिरपत होती. बापा रे! मी दोन्ही हातांनी पोट धरलं, आणि मग वाटलं आपण दाबून तर नाही राहिलो, म्हणून हात काढून घेतले.

आधी काही आठवडे गोळ्या, आतले जंतू कमजोर करायला, मग ऑपरेशन, असं ठरलं. तोपर्यंत वजन उचलायचं नाही, पोटावर मार लागू द्यायचा नाही. उठताना त्या म्हणाल्या, "घरातल्या सगळ्यांची सोनोग्राफी करून घ्या. मुलीचीसुद्धा. कुत्र्यासोबत जास्त कोण असतं?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मनू भुऱ्याच्या पोटावर डोकं ठेवून कार्टून पाहते. दोन वर्षांची होती तेव्हापासून.

रविवारची पुडी

आता हे नीट वाचा, कारण हे तुमच्याही घरी होत असेल.

आमच्याकडे रविवारचं मटण म्हणजे सावजी पद्धतीचं, काळ्या मसाल्याचं, वर तर्री अशी की पाहुण्याच्या डोळ्यांतून पाणी निघावं. ते कुत्र्याला कसं द्यायचं? मसाल्यानं कुत्र्याला खरूज होते, केस झडतात, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत. म्हणून भुऱ्याचा वाटा फोडणीच्या आधीच काढून ठेवायचा, कच्चा. आणि त्याहून मोठी माया मटणवाल्या भाऊची. बकऱ्याच्या कलेजीला कधी कधी पांढरे पाण्याचे फोड असतात. तसली कलेजी गिऱ्हाईक घेत नाही. भाऊ ती टाकत नसे. ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांच्यासाठी तो छोट्या छोट्या पुड्या बांधून खिळ्याला अडकवून ठेवायचा. संजय गेले की, "हे घ्या, आपल्या भुऱ्याचं," म्हणून हातात द्यायचा. फुकट. आम्ही त्याला दुवा द्यायचो.

ते पाण्याचे फोड म्हणजे तीच पिशवी. बकऱ्याच्या पोटातली. मॅडमनी सांगितलं तेव्हा मला दोनदा विचारावं लागलं. फोड कुत्र्यानं कच्चा खाल्ला की कुत्र्याच्या आतड्यात कृमी होते. कुत्र्याला काही होत नाही, तो उड्या मारतो. त्याच्या शीतून अंडी. अंडी गवतावर, तर बकऱ्याला. हातावर, तर माणसाला. कलेजी शिजवून दिली असती, अगदी मीठही न घालता नुसती उकळून, तर तिथेच सगळं मेलं असतं. आम्ही त्याच्या केसांची काळजी केली.

"आणि जंताचं औषध?" जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं. मॅडमना भेटून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी संजय भुऱ्याला घेऊन गेले होते, मीही रिक्षातून मागे मागे गेले, हळू. संजय म्हणाले, "दिलं होतं ना साहेब. लहान होता तेव्हा शेवयांसारखे जंत पडले होते. औषध दिलं, बंद झाले. मग कधी दिसलेच नाहीत."

ते डॉक्टर अंगानं दांडगे, आवाज त्याहून दांडगा. "दिसले नाही म्हणून दिलं नाही! अहो, शेवया दिसतात. ही कृमी तांदळाच्या कणीपेक्षा लहान असते. शी पाहून तुम्हाला काय दिसणार? आणि शेवयांचं औषध हिला लागू पडेलच असं नाही. हिची गोळी वेगळी मागावी लागते, वजनावर द्यावी लागते, आणि परत परत द्यावी लागते. कच्चं खाणारं कुत्रं असेल तर जास्तच वेळा."

"भुऱ्यामुळेच झालं का हो?" मी विचारलं.

"छातीठोक कोणी सांगणार नाही. रस्त्यावरची कुत्रीही आहेत. पण तुमच्या हातात हा आहे."

वजनासाठी भुऱ्या काट्यावर उभा राहीना. शेवटी संजय त्याला कडेवर घेऊन काट्यावर चढले, मग एकटे चढले, आणि वजाबाकी केली. त्यात संजयचं वजन सगळ्या दवाखान्याला कळलं. मला हसू आलं आणि हसताना बरगडीखाली ओढ बसली, तशी मी गप्प झाले.

गोळी दिल्यावर पुढचे काही दिवस त्याची शी उघडी राहू द्यायची नाही, हातमोजे घालून उचलायची, जाळायची, जागेवर उकळतं पाणी टाकायचं, असं सांगितलं होतं. फिनाईलनं ही अंडी मरत नाहीत म्हणे. सेठजीसमोर शुभ्र शर्ट घालून थान उलगडणारा माझा नवरा, रोज सकाळी तोंडाला फडकं बांधून मागच्या अंगणात तो उद्योग करायचा. एकदाही कुरकुर नाही केली.

कुरकुर मी केली. भुऱ्या शेपटी हलवत जवळ आला की माझं अंग आकसायचं.  हे चूक आहे, त्याला काय कळतं, हे सगळं समजत होतं, तरी मी त्याला "हाड!" म्हणायची, सात वर्षांत कधी म्हटलं नव्हतं ते. तो बिचारा मशीनखाली जाऊन बसायचा.

हळू

त्यानंतर आमच्या घरात एकच शब्द राहिला. हळू. वर्षा, हळू उठ. हळू वाक. जिना हळू उतर. संजय मला स्कूटीवर दवाखान्यात न्यायचे तर स्कूटी बैलगाडीपेक्षा हळू. खड्डा आला की दोन्ही पाय जमिनीला टेकवून ढकलत न्यायचे. मागून लोक हॉर्न मारून जीव घ्यायचे. एकानं तर शेजारी येऊन ओरडून विचारलं, "काहून बे, पेट्रोल संपलं का?" संजयनी पाय टेकवत पुढचा खड्डा पार केला. एरवी त्यांनी भांडण केलं असतं.

मी घाबरले होते. स्पष्ट सांगते, रोज घाबरले होते. शिंक आली की घाबरायची. भाजी बाजारात कोणाचं कोपर जवळ आलं की पर्स पोटासमोर धरायची. कुकरची शिट्टी झाली तरी हात पोटावर. आपल्याच आत काहीतरी बसलंय आणि आपण त्याची मर्जी राखून जगतोय, असं ते जगणं होतं.

बाहेर गोष्ट पसरलीच. दुकानात एक जुनी गिऱ्हाईक आली, ब्लाऊज परत घेऊन गेली. न शिवलेला. पुढे कळलं, ती म्हणाली होती, "तिच्या पोटात किडे झाले म्हणे." मी चिडले. दारात उभी राहून गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "हे शिवण्यातून नाही पसरत! माणसातून माणसाला नाही होत! ज्याले विचारायचं त्यानं मले येऊन विचारा!" कोणी आलं नाही. सासूबाईंनी मला आत ओढलं, "हळू वं बाई, हळू," म्हणत.

मनूचं काय

संजय आणि सासूबाईंची सोनोग्राफी झाली. दोघांची साफ. मनूची राहिली.

राहिली म्हणजे राहू दिली. मी रोज विषय काढायची. सासूबाई कानावर हात ठेवायच्या. "लेकराच्या पोटात हाय असं तोंडातून काढू नको. आधी तुह्यं निपटू दे." संजय म्हणायचे परीक्षा आहे, मग म्हणाले पुढच्या आठवड्यात, मग काहीच म्हणेनात. एक दिवस दुकानाचं शटर अर्धं ओढून मी त्यांना धरलं.

"काहून टाळून राहिले तुम्ही?"

ते कटिंगच्या टेबलावर बसले. "मॅडमनी सांगितलं ना घाई नाही म्हणून."

"घाई नाही म्हटलं. करू नका नाही म्हटलं."

"वर्षा, एका वेळी दोघींचं ऐकायची ताकद नाही गा माझ्यात." माझ्याशी बोलताना ते कधी 'गा' म्हणत नाहीत, ते पुरुषाला म्हणायचं. स्वतःशीच बोलत असावेत. "तुझं होऊ दे. तू घरी ये. मग मी तिला घेऊन जातो. आत्ता तिचंही निघालं तर मी उभा नाही राहू शकत."

 माझ्यातही ताकद होती असं नाही. पण रोज मनू शाळेतून आली की माझी नजर तिच्या पोटाकडे जायची. फ्रॉकवरून काही दिसतं का? जेवताना तिनं ताट सरकवलं की मी स्वतः घास भरवायला बसायची. तिला आम्ही एवढंच सांगितलं होतं, मम्मीच्या पोटात गाठ आहे, डॉक्टर काढणार आहेत. लहान आहे, तिला कशाला घाबरवायचं, हे तिघांनी मिळून ठरवलं होतं. बाकी गोष्टी आम्ही ती अभ्यासाला वर गेली की बोलायचो.

वॉर्ड

दवाखान्यातली सकाळ फार लवकर होते. झाडूवाली येते, मग ताप पाहणारी सिस्टर, मग रक्त घेणारा, मग चहा, जो मला चालत नसे. शेजारच्या खाटेवर रामटेककडच्या एक काकू होत्या, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या. धानाची रोवणी टाकून आले म्हणत आणि फोनवर रोज घरच्यांना झापत. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुले काय झालं वं?" मी सांगितलं. त्यांनी हातातला फोन उशीखाली ठेवला. मग म्हणाल्या, "आमच्या वाड्यात चार कुत्रे हायेत. बकरी कापली का आतडं-काळीज त्यायलेच टाकतो आम्ही." आणि उशीखालून फोन काढून त्यांनी तिथल्या तिथे मुलाला सांगितलं, "ऐक. कुत्र्यायले कच्चं काही टाकू नको आजपासून. काहून म्हंजे? मी सांगून राहिली म्हणून!" त्या आठवड्यात मला सगळ्यात बरं वाटलं ते तेव्हा.

ऑपरेशनच्या सकाळी संजयनी सह्या केल्या.  भूल देणारे डॉक्टर येऊन सांगून गेले, की पिशवी काढताना एक थेंब सांडू नये म्हणून भोवती औषधाची फडकी लावतात, आणि तरी सांडलाच तर लागणारं सगळं हाताशी ठेवलेलं असतं. चांगले होते ते, धीर द्यायला आले होते. पण मला 'सांडलाच तर' एवढंच ऐकू आलं.

स्ट्रेचर दारापाशी थांबलं तेव्हा मी संजयचा शर्ट धरला. "मी नाही उठली तरी मनूची सोनोग्राफी करायची. तेराव्याची वाट नाही पाहायची. सांगा, हो म्हणा."

"असं काय बोलतेस..."

"हो म्हणा आधी!"

"हो," ते म्हणाले. मग मी शर्ट सोडला.

जाग आली तेव्हा नाकात नळी, पोटातून नळी, घसा कोरडा ठण्ण. पाणी मिळणार नव्हतं. एका सिस्टरनं ओला कापूस ओठांवरून फिरवला. तेवढ्या ओलाव्यासाठी मी तिला मनात साडी नेसवली. मॅडम आल्या, म्हणाल्या, "अख्खी निघाली. सांडली नाही." मी रडले. रडताना टाके ओढले, म्हणून रडणंही हळूच करावं लागलं.

नळीतून बरेच दिवस पिवळं पाणी येत राहिलं. त्याची पिशवी हातात धरून मी कॉरिडॉरमध्ये चालायची. तीन रंगीत गोळ्यांचं ते श्वासाच्या व्यायामाचं यंत्र तोंडानं ओढायची, ज्यात तिसरी गोळी काही केल्या वर जात नाही. घरी आले तेव्हा औषधाच्या गोळ्या चालूच होत्या, अजूनही आहेत. मॅडमनी साफ सांगितलं आहे, काही वर्षं तपासत राहावं लागेल, कारण ही पुन्हा धरू शकते.

भुऱ्या कुठे जाणार

घरी पोचल्यावर पहिला वाद भुऱ्याचा. सासूबाईंनी ठरवूनच ठेवलं होतं. त्यांच्या भाच्याचं शेत आहे, तिथे सोडायचं. "सुनेपेक्षा कुत्रं मोठं का?"

मला बरं वाटलं ते ऐकून, खोटं कशाला बोलू. सुनेच्या बाजूनं त्या पहिल्यांदाच एवढ्या बोलल्या होत्या. पण मी नाही म्हटलं. तिथे त्याला गोळी कोण देईल? तिथे तो पुन्हा कच्चं खाईल, आणि भाच्याच्या घरी दोन लेकरं आहेत. आपल्या घरचं संकट पोत्यात घालून त्यांच्या दारात नेऊन ठेवायचं का? आता तो वेळच्या वेळी गोळी खातो, त्याचं मटण बिनमसाल्याचं वेगळ्या भांड्यात उकळतं, आणि त्याला हात लावला की साबणानं हात धुवायचे म्हणजे धुवायचे, पाहुणा असो की घरचा. मी त्याला अजून पूर्वीसारखं जवळ घेत नाही. हळूहळू घेईन.

मटणवाल्या भाऊकडे संजय जाऊन आले. तो सुन्न झाला म्हणे. आता तसली कलेजी तो चुना टाकून खड्ड्यात पुरतो. "पण वहिनी," तो मला नंतर म्हणाला, "इतकी वर्षं किती घरी गेल्या असतील हो त्या पुड्या?"  आमच्याच गल्लीत पुडी नेणारी चार घरं आहेत. मी चारही घरी जाऊन सांगून आले. एकानं तपासणी केली. तिघं म्हणाले, आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत. मीही ठणठणीतच होते.

मनू

टाके सुकल्यावर संजयनी शब्द पाळला. मी आठवण करायच्या आधीच सकाळी म्हणाले, "आज मनूला नेऊ." त्यांनी दाढी केली होती, चांगला शर्ट घातला होता, जसं काही कोणाकडे बोलणी करायला निघालो.

तेच बोलके डॉक्टर. मनू टेबलावर आडवी झाली, दोन्ही हात अंगाशी, ताठ. मी तिच्या डोक्याशी उभी. संजय दाराशी. डॉक्टर म्हणाले, "थंड लागेल हं बेटा," आणि जेल टाकून त्यांनी यंत्र तिच्या बरगडीखाली टेकवलं. तशी मनूनं त्यांचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"काका, हळू दाबा. फुटेल."

 मग डॉक्टरांनी हात न सोडवता विचारलं, "काय फुटेल बेटा?"

"पिशवी. माझी पण."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही सांगितलं," ती म्हणाली. "मी जिन्यात बसून ऐकायची. जास्त कोण असतं कुत्र्यासोबत, ते पण ऐकलं. मीच असते." मग तिनं सगळं सांगितलं, छताकडे पाहत, शाळेत पाठ केलेलं म्हणून दाखवावं तशी. ती खो-खो सोडून बसली होती. सरांना सांगितलं होतं पाय दुखतो. जिन्यात भिंतीच्या बाजूनं उतरायची. पालथं झोपणं बंद केलं होतं. शिंक आली की नाक दाबून धरायची. आणि आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण पप्पा आजीलाही म्हणाले होते, की दोघींचं निघालं तर मी उभा नाही राहू शकत.

मी त्या क्षणापर्यंत समजत होते की या घरात माझ्याएवढं कोणी घाबरलेलं नाही. मी मॅडमना, संजयना, काकूंना सांगून तरी मोकळी होत होते. माझं लेकरू इतके महिने एकटं घाबरत होतं, आणि वरून आम्हाला सांभाळत होतं. संजय भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. "माझ्यासोबत बघ. हे तुझं लिव्हर. इथून बघत इथपर्यंत जाऊ." फार सावकाश पाहिलं त्यांनी. एक बाजू, दुसरी बाजू, मग मूत्रपिंडं, मग पुन्हा लिव्हर.  एका ठिकाणी हात थांबला, मी टेबलाची कड धरली, आणि हात पुढे सरकला.

"नाही," ते म्हणाले. "काही नाही. आज काही दिसत नाही." मग माझ्याकडे पाहून, जरा खालच्या आवाजात, "वर्षभरानं पुन्हा आणा. लहान असेल तर आधी दिसत नाही. दोन-तीनदा पाहून घेऊ."

मनूनं फक्त पहिलं ऐकलं. "म्हणजे नाहीये?"

"नाहीये."

"मग मी पळू शकते?"

डॉक्टरांनी तिचं पोट पुसलं. "पळ की."

ती उठून बसली, फ्रॉक खाली ओढला, आणि त्या उंच टेबलावरून दोन्ही पायांवर धपकन खाली उडी मारली. आणि मी किंचाळले, "हळू!"

ती जागीच थिजली. हात पोटावर. माझ्याकडे पाहत राहिली.

"मम्मी, नाहीये ना?"

"नाही वं," मी म्हटलं. तिचा हात पोटावरून काढला. "नाही. पळ तू."

तिनं अजून एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग दारापर्यंत चालतच गेली.